उसना स्वर की स्वतःचा सूर?

६ एप्रिल १९७४. इंग्लंडमधील ब्रायटन शहरात युरोव्हिजन गीतस्पर्धा पार पडली. १७ देशांची १७ गाणी सादर झाली. स्वीडनच्या ‘अ‍ॅबा’ या चमूने ‘वॉटर्लू’ हे गाणे म्हणून स्पर्धा जिंकली आणि पुढे जगभर नाव मिळवले. स्वीडनमधील निवड फेरीत हेच गाणे स्वीडिश भाषेत गायले गेले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ब्रायटनच्या मंचावर येताना त्याची भाषा इंग्रजी झाली होती. त्याच रात्री पोर्तुगालच्या पाउलु दि कार्वाल्यू या गायकाने आपल्या भाषेत निरोपानंतरच्या एकाकीपणाचे एक साधे गीत गायले. त्याला गुण मिळाले अवघे ३. इतर तीन देशांसह पोर्तुगाल शेवटच्या स्थानावर राहिला.

हिशेबी माणसाच्या लेखी गोष्ट येथेच संपली. इतिहासाच्या लेखी ती येथे सुरू झाली. अठराच दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी, लिस्बनच्या एका नभोवाणी केंद्राने हेच हरलेले गाणे लावले. बंडाच्या तयारीत असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी तो पहिला इशारा होता. लोकप्रिय प्रेमगीत असल्याने त्याचा कुणाला संशय येण्याचे कारण नव्हते. मध्यरात्रीनंतर जोझे अफोन्सो यांच्या दुसऱ्या एका गीताने अंतिम संकेत दिला आणि २५ एप्रिलला ४८ वर्षांची हुकूमशाही कोसळली.

ही हुकूमशाही आपल्या परिचयाची आहे. १९५४ साली दादरा व नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात सुधीर फडके यांच्यासारखा भावगायक उतरला होता, तो याच सत्तेविरुद्ध. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावरही या राजवटीने ते सत्य मान्य केले नाही. क्रांतीनंतरच्या सरकारने मात्र ३१ डिसेंबर १९७४ रोजी करार करून गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. एका गाण्याने हे सारे घडवले, असे म्हणणे बालिशपणाचे होईल. पण देशाच्या निवडीचे मोल गुणफलकावर ठरत नसते, एवढे तर यातून नक्कीच दिसते.

निवडीतील रोग

युरोव्हिजन ही युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची स्पर्धा. १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे ७ देशांनी ती सुरू केली. प्रत्येक देशाची दूरदर्शन संस्था आपले गाणे निवडते. कोठे समितीच्या बंद दाराआड, तर कोठे जाहीर राष्ट्रीय स्पर्धा घेऊन. या स्पर्धेचा एक नियम मुद्दाम ध्यानात घ्यावा असा आहे. कोणत्याही देशाला स्वतःच्या गाण्याला मत देता येत नाही. वरवर पाहता हा नियम न्यायाचा आहे. पण निवड करणाऱ्यांच्या मनात रोगाचे बीज पेरले जाते, ते येथेच. मते परक्यांची हवीत, मग परक्यांना काय रुचेल ते पाहू, असा विचार सुरू होतो. ‘आमचे काय आहे?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘तुम्हाला काय हवे आहे?’ हा प्रश्न पुढे येतो. प्रतिनिधी पाठवायचा असतो, पाठवला जातो विक्रेता.

या रोगाचा इतिहास जुना आहे. १९६५ साली स्वीडनने इंग्रजी गाणे पाठवले, तेव्हा पुढच्याच वर्षापासून प्रत्येक देशाने आपल्या भाषेतच गावे, असा नियम आला. १९७३ साली तो शिथिल झाला, १९७७ साली पुन्हा लागू झाला आणि १९९९ साली कायमचा गेला. १९९९ ते २०२५ या काळात, २०२०ची रद्द झालेली स्पर्धा वगळता, २६ स्पर्धा झाल्या. त्यांत इंग्रजीचा आधार न घेता जिंकलेली गाणी चार : सर्बिया २००७, पोर्तुगाल २०१७, इटली २०२१ आणि युक्रेन २०२२. २०११ साली अझरबैजानने ड्युसेलडॉर्फ येथे विजय मिळवला, तो इंग्रजी गाण्याच्या बळावर. त्या गाण्याच्या रचनाकारांत दोघे स्वीडिश आणि एक ब्रिटिश होता. ध्वज अझरबैजानचा, गायक अझरबैजानचे. शब्द आणि सूर मात्र आयात केलेले! करंडक बाकूला गेला हे खरे. पण त्या तीन मिनिटांत जगाला अझरबैजानचे काय ऐकायला मिळाले, हा प्रश्न तेथील एखाद्या नागरिकाने विचारला, तर त्याला काय उत्तर द्यायचे?

तीन युक्तिवाद

याचे समर्थन करणारे तीन गोष्टी सांगतात. त्यांचा प्रामाणिक विचार व्हायला हवा.

पहिली गोष्ट अशी की, स्वभाषेच्या सक्तीत इंग्रजीभाषक देशांना फुकटचा लाभ मिळत होता. हे खरे आहे. १९९२ साली पहिले तीन क्रमांक आयर्लंड, ब्रिटन आणि माल्टा यांनी पटकावले. तिघांनाही इंग्रजीत गाण्याची मुभा होती. १९९२ ते १९९७ या सहा वर्षांत पाच वेळा विजय आयर्लंड किंवा ब्रिटनचा झाला. तेव्हा सक्ती अन्यायाची ठरली, हे मान्य. पण सक्ती उठली म्हणून स्वत्वही उठवावे, असा अर्थ कुणी काढला? दाराचे कुलूप काढले म्हणून कोणी घर सोडून जात नाही.

दुसरी गोष्ट, कलावंताच्या स्वातंत्र्याची. कलावंताने वाटेल त्या भाषेत गावे; कोणी अडवू नये. परंतु येथे तो केवळ स्वतःसाठी गात नाही. त्याच्या नावाआधी देशाचे नाव पुकारले जाते. ज्याला देशाचे नाव हवे, त्याने देशाचे काहीतरी सोबत न्यावे, ही अपेक्षा जुलमी कशी?

तिसरी आणि सर्वांत लाडकी गोष्ट म्हणजे ‘आमची भाषा कुणाला समजते?’ या प्रश्नाला पोर्तुगालने २०१७ साली उत्तर दिले.

कीव्हमधील उत्तर

पोर्तुगाल या स्पर्धेत १९६४ पासून आहे. पहिल्याच वर्षी शून्य गुण मिळाले. पुढे पन्नासहून अधिक वर्षे विजयाने हुलकावणी दिली. २०१६ साली तर तो देश स्पर्धेत उतरलाच नाही. एखाद्या हिशेबनिसाने सल्ला दिला असता, की आता स्वीडनहून गाणे मागवा. तेथील दूरदर्शन संस्थेने दुसरा मार्ग धरला. आपल्या राष्ट्रीय गीत महोत्सवाची रचना बदलली आणि देशातील संगीतकारांनाच नव्या गाण्यांसाठी आमंत्रणे दिली. भाषेचे बंधनही काढून टाकले. आणि बंधन नसताना निवडले गेले, ते पोर्तुगीज गाणेच!

लुईझा सोब्राल हिने ते रचले आणि तिचा भाऊ साल्व्हादोर याने गायले. एका हृदयाने दोघांच्या वाट्याचे प्रेम करावे, अशा भावाचे ते संथ गीत होते. महोत्सवात प्रेक्षकांची पहिली पसंती दुसऱ्याच गाण्याला होती. परीक्षकांच्या कौलामुळे हे गाणे पुढे गेले. केवळ लोकप्रियतेच्या तागडीत तोलले असते, तर ते लिस्बनमध्येच राहिले असते. निवड करणाऱ्यांना चव असावी लागते आणि त्या चवीवर उभे राहण्याचे धैर्यही असावे लागते, ते यासाठी.

साल्व्हादोर हृदयविकाराने आजारी होता. कीव्हमधील सुरुवातीच्या सरावांत त्याच्या जागी बहीण उभी राहिली. त्या वर्षीच्या ४२ गाण्यांपैकी ३५ गाणी पूर्णतः इंग्रजीत होती. संपूर्णपणे स्वभाषेत गाणारे देश चारच होते : पोर्तुगाल, इटली, हंगेरी आणि बेलारूस. १३ मे २०१७ च्या अंतिम फेरीत साल्व्हादोर प्रेक्षकांच्या मधोमध असलेल्या लहान मंचावर एकटा उभा राहिला. नर्तक नाहीत, आतषबाजी नाही. त्याला ७५८ गुण मिळाले. स्पर्धेच्या इतिहासात तोवर कुणालाही एवढे गुण मिळाले नव्हते. परीक्षक आणि प्रेक्षक, दोघांच्याही मतांत तो पहिला होता. ज्यांना त्या गाण्यातला एक शब्दही कळत नव्हता, त्यांनीच ती मते दिली होती. ‘कुणाला समजते?’ असे विचारणाऱ्यांनी हा आकडा जपून ठेवावा.

पुढच्या वर्षी स्पर्धा लिस्बनला झाली. यजमान पोर्तुगालने पुन्हा पोर्तुगीज गाणे सादर केले आणि ते अंतिम फेरीत चक्क शेवटचे आले. आमचे टीकाकार म्हणतील, बघा! आम्ही म्हणू, अवश्य बघा. स्वभाषा ही विजयाची हमी असते, असा आमचा दावाच नाही. १९७४ साली शेवटचा, २०१७ साली पहिला, २०१८ साली पुन्हा शेवटचा. पण तिन्ही वेळा मंचावर उभा होता तो पोर्तुगालच. हरलो तर स्वतःच्या आवाजात हरलो, याचे समाधान उरते. उसन्या आवाजात हरणाऱ्याच्या हाती काय उरते? २०२१ साली पोर्तुगालनेही पहिल्यांदा संपूर्ण इंग्रजी गाणे पाठवले. क्रमांक आला १२ वा. इंग्रजीनेही काही करंडक आणून दिला नाही.

स्वभाषा पुरेशी नाही

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. केवळ भाषा आपली असणे पुरेसे नाही. १९८९ साली याच पोर्तुगालने ‘कॉन्किश्तादोर’, म्हणजे ‘विजेता’, नावाचे गाणे पाठवले होते. भाषा पोर्तुगीजच. पण त्यात जिंकलेल्या भूमींची यादी होती आणि त्या यादीत गोव्याचेही नाव होते! गोव्याच्या विलीनीकरणाला मान्यता देऊन १५ वर्षे लोटली होती. ज्या राजसत्तेने १६८४ साली फर्मान काढून गोमंतकीयांच्या मुखातून कोकणी हिरावण्याचा प्रयत्न केला, तिच्या वारसांना नृत्याच्या ठेक्यावर ते नाव सहज गाता आले. संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीने हादरलेल्या व्हाइसरॉयचेच ते फर्मान होते. स्वतःच्या भाषेचे मोल जाणणाऱ्याने दुसऱ्याच्या भाषेचेही मोल जाणावे लागते. नाहीतर त्या अभिमानाचा नुसता दंभ होतो. साल्व्हादोरच्या गीतात कुणावर विजय नव्हता, म्हणूनच ते सर्वांचे झाले.

आपला देश युरोव्हिजनमध्ये नाही. पण जगापुढे आपले काय ठेवायचे, हा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही. २००४ साली भारताने ऑस्करसाठी ‘श्वास’ हा मराठी चित्रपट पाठवला. आजोबा आणि दृष्टी गमावणारा नातू यांची ती कोकणातल्या मातीतली गोष्ट. त्याच्या प्रचारखर्चासाठी महाराष्ट्रातल्या सामान्य माणसांनीही आपल्या परीने हातभार लावला. नामांकन मिळाले नाही. पण मराठी चित्रपटाचा गेलेला आत्मविश्वास परत आला. हॉलिवूडची नक्कल पाठवून नामांकन मिळाले असते, तर त्या हातभार लावणाऱ्यांना ते आपले वाटले असते का?

उद्या परदेशातील मंडळाच्या मंचावर किंवा शाळेच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यात आपल्या घरातले मूल गायला उभे राहील. गाणे कोणते, हे ठरवण्याचे काम तेव्हा आपलेच असेल. त्या वेळी टाळ्यांचा अंदाज बांधण्याआधी एवढेच विचारावे : हे गाणे या मुलाखेरीज जगातले दुसरे कोणतेही मूल इतक्याच सहजतेने गाऊ शकले असते का? उत्तर ‘हो’ असेल, तर निवड पुन्हा करावी.