संगणकातला ‘निरंक’ काय सांगतो?

सरकारी रुग्णालयांत आता केसपेपरपासून डिस्चार्ज कार्डापर्यंत बरेच काही संगणकातून निघते. उपकेंद्रातली नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून तालुका, जिल्हा आणि राज्यापर्यंत पोहोचते. औषधसाठा, निधी, पदे यांचे निर्णय याच आकड्यांवर होतात. त्यामुळे ‘संगणकातली माहिती म्हणजे ज्ञान का?’ हा प्रश्न तत्त्वज्ञांपुरता राहिलेला नाही. त्याच्या उत्तरावर रुग्णाचा जीव अवलंबून असू शकतो.

एक उदाहरण पाहा. न्यूमोनियाच्या कोणत्या रुग्णाला मृत्यूचा धोका जास्त, हे संगणकाकडून काढून घेण्याचा प्रयोग १९९०च्या दशकात अमेरिकेत झाला. हजारो नोंदींवरून संगणकाने एक नियम शोधला: न्यूमोनियाबरोबर दमाही असेल तर धोका कमी! कोणताही डॉक्टर हे वाचून दचकेल. पण आकडे खोटे नव्हते. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला थेट अतिदक्षता विभागात नेत, कसून उपचार करत, म्हणून तो वाचे. संगणकाला निकाल दिसला, त्यामागची धावपळ दिसली नाही. या नियमावर विसंबले असते, तर ज्यांना तातडीने दाखल करायचे त्यांनाच घरी पाठवले गेले असते. विभागातली रीत ठाऊक असलेल्या माणसांनी नियम वाचला, म्हणून धोका लक्षात आला.

माहिती प्रणालींच्या अभ्यासकांमध्ये यावर जुना वाद आहे. वांडा ऑर्लिकोव्स्की आणि जॅक बरूदी यांनी १९८३ ते १९८८ या काळातले १५५ शोधनिबंध तपासून १९९१ मध्ये दाखवले की, जवळपास ९७ टक्के संशोधन एकाच वाटेने गेले होते. वास्तव आपल्याबाहेर आहे, ते मोजता येते, गृहीतक मांडून तपासता येते, ही ती वाट. तिला प्रत्यक्षार्थवाद म्हणतात. दुसरी वाट अन्वयार्थाची. नोंद करणाऱ्याने ती कोणत्या परिस्थितीत आणि काय समजून केली, हे ती विचारते. तिसरी चिकित्सक वाट विचारते की, या व्यवस्थेत फायदा कोणाचा आणि कोण वगळले जाते?

तिसरा प्रश्नही पुस्तकी नाही. अमेरिकेत जास्त काळजीची गरज असलेले रुग्ण निवडणारी एक संगणकप्रणाली आजारपण मोजण्यासाठी उपचारखर्च पाहत होती. तेवढ्याच आजारी कृष्णवर्णीयांवर मुळात खर्चच कमी होत असे. साहजिकच ती त्यांना कमी आजारी ठरवत होती. २०१९ मध्ये संशोधकांनी हे उघड केले.

आता आपल्याकडचा ‘निरंक’ घ्या. समजा, एखाद्या केंद्राच्या मासिक अहवालात सर्पदंशापुढे ‘निरंक’ लिहिले आहे. साप चावलाच नाही, असा त्याचा अर्थ होईल. लस नसल्याने लोक परस्पर तालुक्याला गेले, असाही होईल. किंवा नोंद करणारी परिचारिका लसीकरण सत्रावर होती आणि रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे जाऊ देत नव्हता, असेही असू शकेल. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिला अर्थ धरून त्या केंद्राचा लसीचा कोटा कमी केला, तर पुढच्या पावसाळ्यात त्याची किंमत शेतात राबणारा माणूस मोजेल.

मग मोजणे सोडून अनुभवावर चालायचे का? मुळीच नाही. रक्त काढल्याने रुग्ण बरा होतो, असे डॉक्टर शतकानुशतके अनुभवाच्या जोरावरच सांगत होते. पॅरिसच्या पिएर लुई यांनी न्यूमोनियाचे रुग्ण मोजून १८३५ मध्ये त्या समजुतीला धक्का दिला. अनुभव फसवतो तेव्हा आकडा सावरतो, आणि आकडा फसवतो तेव्हा प्रत्यक्ष काम करणाऱ्याला विचारावे लागते.

म्हणून तीन साध्या गोष्टी व्हाव्यात. ‘घडले नाही’, ‘तपासले नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांसाठी संगणकात वेगळे पर्याय असावेत. आढावा बैठकीत आकडा कमी-जास्त का झाला, हे नोंद करणाऱ्या परिचारिकेला आणि आशाताईंना विचारावे, आणि उत्तर दिले म्हणून कारणे दाखवा नोटीस काढू नये. रुग्णांविषयी निर्णय सुचवणारी कोणतीही नवी प्रणाली वापरण्याआधी तिचे नियम वॉर्डात काम करणाऱ्यांनी वाचावेत. यासाठी फार पैसा लागत नाही. आपण रोज रक्ताचा रिपोर्ट हाती आला तरी रुग्णाला तपासतोच. अहवालातल्या आकड्यालाही तोच न्याय लावायला हवा.