ढावलो शिकवायचा कुणी?

लोकगीते जपायची म्हणजे ती उतरवून घ्यायची, असे आपण गृहीत धरतो. जात्यावरच्या ओव्यांसाठी हे काम हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी निष्ठेने केले. १ लाखाहून अधिक ओव्या त्यामुळे हाती आल्या. ते ऋण मान्य करूनही आम्हांला वाटते, की काही परंपरा केवळ संग्रहाने जपता येत नाहीत.

पुसद, दिग्रस भागांतील बंजारा तांड्यांवरचा ढावलो ही अशी परंपरा. सासरी निघालेली नवरी आई, बाप, भाऊ अशा एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते. चाल आणि संबोधने परंपरेची. पण बापाला काय ऐकवायचे आणि मैत्रिणीला काय, हे तिने त्या क्षणी जुळवायचे. बैलाच्या पाठीवर उभी राहून म्हणायची ती हवेली. वडीलधाऱ्या बायका हे कसब लग्नाआधी शिकवीत. एरवी गप्प राहणाऱ्या मुलीला सर्वांसमक्ष तक्रारीचा अधिकार मिळे, तो या गाण्यातून.

आता कार्यालयातल्या काही तासांच्या लग्नात एवढी उसंत कुठली? शिकलेल्या मुलीला जाहीर रडणे नको असेल, तर तो तिचा हक्क आहे. नवरीने रडावे, असा आमचा आग्रह नाही. आग्रह आहे तो रचण्याच्या कसबाचा. बास्क प्रदेशात उत्स्फूर्त पद्यगायन शाळांतून शिकवले जाते. एकेकाळी पुरुषांचीच मानली गेलेली तिथली सर्वोच्च स्पर्धा २००९, २०१७ आणि २०२२ मध्ये मायालेन लुहानबियो या स्त्रीने जिंकली. शिकण्याची जागा बदलली, म्हणून कला टिकली.

आपल्याकडे २०११च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी मातृभाषा सांगणारे ३२ लाखांहून अधिक लोक हिंदीच्या खाती मोजले गेले. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लोकसाहित्याच्या अभ्यासक अरुणा ढेरे यांनी भूषविले. व्यासपीठावर मान मिळाला. वर्गात मात्र आपण अजून ‘लोकगीतांची वैशिष्ट्ये’च लिहून घेतो.

जिल्ह्यातील मराठी विभागांनी जाणत्या गायिकेला मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलवावे. तिच्याकडून एकच ढावलो दोनदा ऐकावा आणि काय बदलले ते विद्यार्थ्यांनी टिपावे. मौखिक काव्याचे शास्त्र त्या फरकात आहे. मग बंजारा विद्यार्थिनींना त्याच चालीत, गोरबोलीत, आपले म्हणणे रचू द्यावे. नवरी म्हणून नव्हे, शिक्षणासाठी घर सोडणारी मुलगी म्हणूनही. बापाला ऐकवण्यासारखे तिच्याजवळ आजही पुष्कळ असेल.