रिझर्व्ह बँकेतून लोकसभेत

ऋषी सुनक गोल्डमन सॅक्समधून आले, साजिद जाविद डॉइश बँकेतून. बँकेतली खुर्ची सोडून ब्रिटनचा अर्थमंत्री होण्याचं आपल्याकडे भारी अप्रूप. आपल्या चिंतामणराव देशमुखांची आठवण मात्र मुद्दाम काढावी लागते.

महाडजवळच्या नातेचा हा मुलगा 1912 साली मॅट्रिकला पहिला आला, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती घेऊन. 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढे 1950 मध्ये अर्थमंत्री आणि 1952 मध्ये कुलाब्याचे खासदार. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत, 1 जुलै 1955 रोजी. मीरा रोडच्या शाखेत पेन्शनच्या रांगेत उभं राहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं ठरलं, तेव्हा 1956 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. नुसता दिला नाही. मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय झाल्याचं लोकसभेत नेहरूंसमोर सांगितलं आणि मुंबईत आंदोलकांवर झालेल्या गोळीबाराच्या चौकशीची मागणी लावून धरली. हा माणूस काही मोर्चे काढणारा नव्हता. आकड्यांत आणि कालिदासात रमणारा, ‘मेघदूता’चा मराठीत पद्यानुवाद करणारा. म्हणूनच तो राजीनामा दिल्लीला झोंबला.

पुढे 1969 मध्ये ते राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि हरले. आमच्या मते, रोज दहिसरची हद्द ओलांडून मुंबईत पोट भरणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी त्यांचं आत्मचरित्र वाचायलाच हवं. वाचनालयात नसेल तर मागवायला सांगा.