कल्याणचा बिशप आणि इफेससचा निवाडा

कोकणातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास पोर्तुगीजांपासून मोजणे चुकीचे आहे. मरियेला ‘देवमाता’ म्हणण्यास आक्षेप घेणाऱ्या नेस्टोरियसला इ.स. ४३१ मध्ये इफेससच्या धर्मपरिषदेने पदच्युत केले. ख्रिस्ताच्या देवत्वाचे मनुष्यत्वाशी नाते कसे, हा मूळ वाद होता. रोमन साम्राज्याबाहेरील इराणी चर्चने तो निवाडा स्वीकारला नाही. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे नोंदवले. अनेक अभ्यासकांच्या मते हे कल्याणच. मोरा बंदरासमोरून ठाण्याच्या खाडीने तिकडे जलमार्ग जातो. म्हणजे परिषदेचा निवाडा न मानणारी परंपरा पोर्तुगीजांच्या सुमारे हजार वर्षे आधीच या किनाऱ्यावर नांदत होती. ‘पाखंडी’ हा जेत्यांचा शब्द. कोकणाच्या इतिहासाने तो उसना घेऊ नये.