रस्ता राजाचा की मिठाचा?

जुन्नरहून घाटघरमार्गे जाणारा डांबरी रस्ता नाणेघाटाच्या माथ्यावर संपतो. पुढे गाडीला वाट नाही. कातळातल्या नळीतून पायवाट थेट खाली कोकणात, वैशाखऱ्याच्या बाजूला उतरते. ही घाटवाट कोणी केली म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले असते : सातवाहनांनी. गावगप्पांतले उत्तर याहून रंगतदार. नाना आणि गुणा या दोघा भावांनी पैजेने दोन घाट खोदायला घेतले आणि नानाचा आधी पुरा झाला! पुस्तकातले असो की पारावरचे, दोन्ही उत्तरांना कोणीतरी एक कर्ता पुरुष लागतो. आपली ही खोड जुनीच.

घाटाच्या तोंडाशी सातवाहनांचे लेणे आहे आणि त्यात नागनिका राणीचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेखही आहे. भगवानलाल इंद्रजींनी तो एकोणिसाव्या शतकात वाचला. त्यात काय आहे? अश्वमेध आहे, राजसूय आहे, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आहेत, एके ठिकाणी तर २४,४०० कार्षापणांचा आकडा आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते; आता वर कोरलेली नावे आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. पण ‘हा घाट आम्ही खोदला’ असे एक अक्षरही त्या लेखाच्या उरलेल्या मजकुरात नाही. आणि एवढा मोठा लेख ओसाड खिंडीत कोण कोरील? टोलनाक्यावर पुढाऱ्याचा फलक लागतो तो रहदारी पाहून. नाणेघाटात वर्दळ आधीची, लेख नंतरचा, असे मानणेच सरळ आहे. पायऱ्या, फरसबंदी, पाण्याची टाकी यांना राजाश्रय मिळाला असेल. वाट मात्र राजाची वाट पाहत थांबली नसणार.

मग वाटेचे मूळ शोधायचे कुठे? जुन्नरच्या बाजारात. या गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतल्या दानलेखांत राजांपेक्षा बाजारातली माणसेच अधिक भेटतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावे आहेत. शिवनेरीवर चिट नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या परक्याने, भोजनमंडप दिला. अशा परक्या माणसांनाही घाट चढायला लावणारी कमाई इथे होती, हे यावरून कळते.

खुद्द घाटात काय चालत होते, त्याचा फार पुढचा पण अस्सल पुरावा जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरच्या प्रवासवृत्तात आहे. १६७५ मध्ये तो जुन्नरच्या मुघल अधिकाऱ्याकडे आला होता. परतताना नाणेघाटात तो खोळंबला, कारण मिठाने लादलेले तीनशे बैल चढून येत होते. मला हा दाखला शिलालेखाइतकाच मोलाचा वाटतो. मीठ कोकणात पिकते, देशावर पिकत नाही. मिठावाचून देशावरच्या माणसाचे भागत नाही आणि गुराचेही नाही. परतीच्या बैलाच्या पाठीवर धान्य असणार. पायऱ्यांवर गाडी चालत नाही. म्हणजे लादलेले ओझे उतरवून गाडीत भरायला माथ्यावरच्या सपाटीत एक पेठ हवी. जुन्नर तिथे वसले ते याच गरजेपोटी, असा माझा तरी तर्क आहे.

राजसत्तेची खूण म्हणून घाटमाथ्यावरचा दगडी रांजण दाखवतात; तो जकातीचा, असे सगळे सांगतात. असेलही, पुरावा सांगोवांगीचाच.

तरी राजांच्या हाती या वाटेचे काहीच नव्हते असे नाही. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत नोंद आहे की, कल्याणला लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. बंदर अडले की घाटातली परदेशी वर्दळ आटणारच. जुन्नरच्याच मानमोडीत क्षत्रप नहपानाचा मंत्री अयम याचा लेख आहे, म्हणजे मधल्या काळात धनीही बदलला होता. पुढे मलिक अहमदने इथूनच १४९० मध्ये निजामशाही उभी केली. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी जुन्नर लुटले तेव्हा हाती घोडे आणि रोकड भरपूर लागली. पेठ तेव्हाही भरलेली होती. एवढ्या राजवटी आल्या-गेल्या, बैल घाट चढतच राहिले. ते हळूहळू थांबले ते १८६० च्या दशकात बोरघाटातून आणि थळघाटातून आगगाडी वर चढल्यावर. मीठ वाघिणीतून जाऊ लागले, आणि जुन्नरला तर रेल्वे आलीच नाही.