खुरटी पिल्ले आणि औषधाची बाटली

एकाच दिवशी, एकाच उबवणी केंद्रातून आणलेल्या कोंबडीच्या पिल्लांपैकी बहुतेक तिसऱ्या आठवड्यात अंगाने भरतात; काही मात्र त्यांच्या निम्म्या वजनाचीच राहतात. त्यांची पिसे विस्कटलेली असतात आणि विष्ठेत न पचलेले खाद्य दिसते. अशा वेळी कुक्कुटपालक पिल्ले विकणाऱ्यास दोष देतो आणि पिण्याच्या पाण्यात प्रतिजैविक मिसळतो. या उपायाचा फेरविचार होणे अगत्याचे आहे.

ब्रॉयलर जातीचे पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा सुमारे ४० ग्रॅम वजनाचे असते. पहिल्या सात दिवसांत ते चौपट व्हावयास हवे. पोटात राहिलेल्या बलकावर दोनतीन दिवस त्याचा निर्वाह होतो, म्हणूनच ही पिल्ले दूरच्या गावी पाठविता येतात. परंतु अन्न पोटात गेल्याशिवाय आतडे जोमाने वाढत नाही. प्रवासात गेलेले उपाशी तास पुढे क्वचितच भरून निघतात.

त्यात दिल्लीची थंडी. पहिल्या आठवड्यात पिल्लाभोवती ३२ ते ३५ अंश उष्णता लागते, आणि जानेवारीत तेथील पारा रात्री कधीकधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. एवढ्याशा जीवास स्वतःच्या शरीराची ऊब अद्याप राखता येत नाही. ते खाणे सोडून घोळक्यात दाटते. ऊब टिकावी म्हणून शेड सर्व बाजूंनी बंद केली, की ओल्या तुसातून अमोनिया उठतो व थंडीतून सुटलेले पिल्लू कोंदट हवेत सापडते.

खाद्याचाही दोष असतो. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीतील अफ्लाटॉक्सिन हे विष उजेडात आले. ते अल्प प्रमाणात गेले तर पक्षी मरत नाही, नुसता खुरटतो. आतड्यात शिरणारे काही विषाणूही पिल्ले खुरटवितात. त्यांपैकी कोणता मुख्य, याविषयी संशोधकांत एकमत नाही.

आता या यादीत प्रतिजैविकाने बरे होणारे काय आहे? थंडीवर ते चालत नाही, बुरशीच्या विषावर नाही, विषाणूवर तर नाहीच. तरीही २०१४ मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दिल्ली व आसपासच्या भागांतून कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश आढळले. अशा वापराने औषधास दाद न देणारे जंतू वाढतात, आणि ते शेडपुरते थांबत नाहीत. माणसांच्या रुग्णालयात शेवटचा आधार म्हणून राखलेल्या कोलिस्टिनचा पशुपक्ष्यांतील वापर भारत सरकारला २०१९ मध्ये बंद करावा लागला, तो याच भीतीने.

अल्प नफ्यावर जगणाऱ्या कुक्कुटपालकास बाटली स्वस्त वाटते, हे समजण्यासारखे आहे. पण उष्णतामापक त्याहून स्वस्त पडतो. पिल्ले आल्याच्या पहिल्या रात्री काहींच्या गळ्याखालील अन्नाची पिशवी बोटांनी चाचपावी. ती भरलेली व मऊ लागली तर पिल्ले खात आहेत; रिकामी लागली तर आधी दिव्याची उंची आणि पाण्याची भांडी पाहावीत.