धुके, उसाची ट्रॉली आणि सर्दीची गोळी

मार्गशीर्षातील लग्नकार्य आटोपून रात्रीच घरी परतण्याचा बेत आपल्यापैकी अनेकजण आखतात. ‘पहाटे रस्ता मोकळा असतो’ हे त्याचे नेहमीचे समर्थन. परंतु पहाटे दोन ते पाच या वेळात शरीराची झोपेची ओढ सर्वाधिक असते आणि नदीकाठच्या सखल भागात धुकेही याच सुमारास दाटते. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात तर तेव्हा साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी असलीच तर लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेली, हे चित्र त्या भागातील वाचकांस नवे नाही.

थोडे गणित करू. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर धावते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच 25 मीटर संपले. दाट धुक्यात दिसते तेच जेमतेम 30 मीटर! वेग 30 वर आणल्यास मात्र गाडी साधारण 20 मीटरमध्ये थांबू शकते. प्रखर झोत लावून अधिक दिसेल, हाही भ्रमच. जलकणांवरून तो प्रकाश उलट आपल्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवे डीपरवरच असू द्यावेत. काचेवर आतून वाफ धरली तर हाताने पुसत बसू नका. एसी लावून बाहेरची हवा आत घ्या.

आता माझ्या विषयाकडे वळतो. हिवाळ्यात घरोघरी सर्दी असते आणि सर्दीच्या मिश्र गोळ्यांत बहुधा क्लोरफेनिरामिन असते. त्याची गुंगी दुसऱ्या दिवशीही रेंगाळू शकते. मी डॉक्टर असूनही एकदा अशी गोळी घेऊन गाडी चालविण्यास बसलो होतो. शेजारी बसलेल्या पत्नीने हाक मारली, तेव्हा डावी चाके डांबर सोडून मुरमावर उतरली होती.

डुलकी येऊ लागली तर गाडी रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी थांबवून वीस मिनिटे झोपावे; मात्र काचा बंद करून व इंजिन चालू ठेवून कदापि नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो.

त्यापेक्षा लग्नघरी एक सतरंजी मागण्यात संकोच कसला? आठ-नऊच्या सुमारास निघावे. तोवर धुके बहुधा विरलेले असते आणि यजमानांचा चहाही झालेला असतो.